बँकेचं बाकडं

बँकेत नोकरी केली की माणसाकडे पैसा साठतो, असा लोकांचा समज असतो. माझ्याकडे किस्से साठले. तेही बहुतेक माझ्याच फजितीचे!

मूळ कारण आमचं ट्रेनिंग. तिथे एका सरांनी सांगितलं, की 'बँक' हा शब्द इटलीतल्या बाकड्यावरून आला. सराफ बाजारात बाकडं टाकून बसायचे. एखाद्याचं दिवाळं निघालं की लोक त्याचं बाकडं मोडायचे. बस्स! माझी पाठ झालेली विद्या एवढीच. ती मी भेटेल त्याला ऐकवू लागलो.

*

जळगावला मुलगी बघायला गेलो, तिथेही सुरू केलं. होणाऱ्या सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाकडं ऱ्हाऊ द्या. पगार कितला शे?"

लग्न तरीही झालं.

*

पहिल्याच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी पत्त्यांचा डाव बसला. खानदेशात त्या दिवशी जुगाराला कोणी नावं ठेवत नाही. पत्ते पिसता पिसता मी ज्ञान पाजळलं, "जुगारातही डावाचा पैसा ज्याच्याकडे, त्याला बँकच म्हणतात!"

सगळ्यांनी एकमताने मलाच बँक केलं. दुपारपर्यंत खिसा रिकामा! नाना गंभीरपणे म्हणाले, "जवाईबापू, आते तुमनं बाकडं मोडानं का?"

*

पुढे धरणगावच्या शाखेत बदली झाली, तिथेच बिऱ्हाड केलं. एका बाजाराच्या दिवशी लिंक डाऊन. काउंटरपुढे गर्दी, लोक चिडलेले. त्यांना रमवायला मी बाकड्याची गोष्ट सांगितली, दिवाळ्यापर्यंत रंगवून. सगळे एकदम गप्प! मला वाटलं, काय छान बोलतो आपण!

दुसऱ्या दिवशी सकाळी शाखेत स्टीलच्या नव्या खुर्च्या आल्या. मॅनेजरसाहेबांनी वाळवी लागलेलं जुनं बाकडं दारातच कुऱ्हाडीने फोडायला लावलं.

अकरापर्यंत एफडी मोडणाऱ्यांची रांग रस्त्यावर! साहेब घामाघूम. "कॅश संपली तर उद्या शाखा उघडायची सोय नाही. तुमच्याच गोष्टीने हे झालंय, तुम्हीच निस्तरा!"

नोकरी जाणार हे दिसत होतं. स्टुलावर चढलो आणि ओरडलो, "घाबरू नका! बँक भक्कम आहे! माझे स्वतःचे पैसे इथेच आहेत!"

रांगेतल्या एका अक्कांनी शांतपणे विचारलं, "मंग भाऊ, लाइनमा पहिला नंबर तुमनी बायकोना का बरं शे?"