पूड बंद झाली तेव्हा

हौसाबाईंचं बीपी लागत नव्हतं. सिस्टरने पट्टा दोनदा बांधून पाहिला, मग मी स्वतः बांधला. वरचा आकडा कसाबसा हाती आला, खालचा नाहीच. बाई शुद्धीवर होत्या, पण मान धरत नव्हत्या.

मी ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट आहे. म्हणजे सांध्यांची डॉक्टर, पण हाडं जोडणारी नव्हे. जंतूंपासून राखण करणारी शरीराची यंत्रणा कधीकधी घरच्याच सांध्यांवर उलटते. ते आजार मी बघते. आठवडाभर पुण्यात असते. अर्धा वेळ पेशंट आणि अर्धा वेळ लॅब, जिथे ही यंत्रणा का उलटते याचा आम्ही अभ्यास करतो. शनिवारी नारायणगावच्या एका छोट्या हॉस्पिटलात माझी ओपीडी असते. हौसाबाईंना त्यांच्या मुलाने, संजयने, तिथेच आणलं होतं. तो टोमॅटो मार्केटला पिकअप चालवतो. टोमॅटोच्या क्रेटशेजारी गादी टाकून आईला निजवून आणलं होतं.

"संधिवात जुना आहे म्हणतोस. मग आता वेगळं काय झालं?"

"काय बी न्हाई मॅडम. ताप न्हाई, पडली न्हाई. निस्त्या उलट्या आन् चक्कर. फकस्त ती पूड मी मोरीत वतली."

"कसली पूड?"

"झाडपाल्याची. गुडघ्यासाठी घ्यायची. मोबाइलवर आलं व्हतं, असल्या पुडीनं किडनी जाती म्हनून. तवा वतली."

मी बाईंकडे नीट पाहिलं. चेहरा गोल, गाल फुगलेले, आणि हातपाय मात्र काटक्या. दंडावरची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी, तिच्यावर निळे डाग. झाडपाल्याने असं होत नाही, फार दिवस स्टेरॉइड पोटात गेलं की होतं.

"सिस्टर, हायड्रोकॉर्टिझोन. आधी ते, बाकी सगळं नंतर."

हे स्टेरॉइडचं इंजेक्शन. आपल्या किडनीवर टोपीसारखी एक ग्रंथी बसलेली असते. ती रोज थोडं स्टेरॉइड बनवते. त्यावर बीपी टिकतं, माणूस उठून कामाला लागतो. बाहेरून स्टेरॉइड मिळायला लागलं की ही ग्रंथी आपलं काम सोडून देते. महिनोन्‌महिने ते घेतलं आणि एके दिवशी अचानक थांबवलं, तर शरीरापाशी ना बाहेरचं उरतं ना घरचं. माणूस दगावतो.

दुपारपर्यंत बीपी वर आलं. हौसाबाईंनी चहा मागितला आणि लगेच विचारलं, "माजी पूड कुटं हाय?"

"ती संपली आता. कोणाकडून घेत होतात?"

"रंगनाथदादाकडनं. बाजारात बसतो न्हवं का. लई गुणाचं औशद बघा. माजी जाऊ घेती, तिची विहीन घेती. समदीच घेत्यात."

समदीच. तो शब्द ऐकला आणि मी खुर्चीतून उठले. ओपीडीत बरीच माणसं थांबली होती. मी त्यांना तपासत होते, पण डोकं जागेवर नव्हतं. प्रत्येकाचे गाल बघत होते, बाही वर करून दंड बघत होते.

संजयने हौसाबाईंच्या त्या जावेच्या घरून एक पुडी आणून दिली. ती मी पुण्याला नेली आणि लॅबमधल्या सहकाऱ्याच्या टेबलावर ठेवली. रिपोर्ट येईपर्यंत मी त्याच्या दाराशी इतक्या फेऱ्या मारल्या की तो वैतागला. "मशीनला घाई कळत नाही, मॅडम," म्हणाला. रिपोर्टमध्ये जे येईल असं वाटलं होतं तेच आलं. डेक्सामेथासोन, म्हणजे चांगलंच कडक स्टेरॉइड, आणि जोडीला वेदनाशामक. झाडपाला नावापुरता.

मी आमच्या मेडिकल डायरेक्टरांकडे गेले.

"रिपोर्ट हातात आहे ना? मग औषध खात्याला कळवा आणि मोकळ्या व्हा," ते म्हणाले.

"सर, त्यांनी माल जप्त केला की त्याच दिवसापासून सगळ्यांची पूड बंद होणार. आणि ती अचानक बंद झाली की काय होतं ते मी शनिवारी पाहिलंय."

"मग कळवणार नाही म्हणता? आणखी नवी माणसं घेऊ देत?"

"कळवणार. पण आधी ही माणसं शोधायला हवीत."

"कुठे शोधणार? पत्ता आहे एकाचा तरी?"

नव्हता. आणि सरही चुकत नव्हते. मी त्याच दिवशी कळवलं. संबंधित अधिकारी फोनवर समजूतदार बोलले, पण थांबायला तयार नव्हते. "मॅडम, उशीर केला तर माल हलेल. आणि आम्ही कधी येणार हे त्या माणसाला कळता कामा नये."

दुसऱ्या दिवशी मी लॅबला सुट्टी टाकली आणि गाडी काढली. रंगनाथ लेण्याद्रीच्या पायथ्याच्या वाडीत राहतो. मला वाटलं होतं, कोणी बेरकी माणूस भेटेल. ओट्यावर एक साठीचा गृहस्थ पाय लांब करून बसला होता. चेहरा ताटासारखा गोल, दंडावर निळे डाग.

"या पावणं. गुडगं का?" त्याने विचारलं.

मी डॉक्टर असल्याचं सांगितलं आणि त्याच्याच शेजारी बसले. तरुणपणी तो डोली वाहायचा. चढवत नाही अशा भाविकांना खांद्यावरून गणपतीपर्यंत नेण्याचं काम. त्यात गुडघे गेले. मग एका टेम्पोवाल्याने ही पूड दिली आणि हा चालायला लागला. त्यानंतर पोतं आणून दुसऱ्यांना द्यायला लागला.

"तुम्ही स्वतः घेता?"

"रोज. मी खाल्ल्याबिगर लोकांना देईन व्हय?"

मी त्याला रिपोर्ट सांगितला. तो हसला. "न्हाई ओ. झाडपाल्याचं हाय." मग मी त्याचा दंड त्याच्याच समोर धरला आणि हौसाबाईंची हकिकत सांगितली. हसू गेलं.

"मंग आता म्या काय करू? बंद करू?"

"नाही! एकदम बंद करायची नाही. तुम्हीही नाही आणि कोणीच नाही. ज्यांना ज्यांना दिलीत त्यांना माझ्याकडे पाठवा. मी मोजून गोळी देईन, हळूहळू कमी करू."

"आन् लोकांना काय सांगू? इतकी वर्सं खोटं औशद दिलं? जित्ता सोडतील का मला?"

छापा पडणार आहे हे माहीत होतं आणि ते सांगता येत नव्हतं. त्याच्यापुरत्या गोळ्या लिहून दिल्या. परतताना घाटात गाडी थांबवून दोनदा पाणी प्यायले. सांगायला हवं होतं, असं एकदा वाटे. नाही सांगितलं तेच बरोबर, असं लगेच वाटे.

छापा पडला. पोती गेली. मी जुन्नर, मंचर, आळेफाटा, पारगाव, जिथे म्हणून ओळखीचा डॉक्टर होता तिथे मेसेज पाठवला: सांधेदुखीचा पेशंट उलट्या, चक्कर, लो बीपी घेऊन आला तर आधी हायड्रोकॉर्टिझोन द्या, चौकशी मागून करा. फोन वाजायला लागले. वारूळवाडीची एक बाई वेळेत पोचली. मंचरला एक आजोबा आयसीयूत गेले, वाचले. मी जेवताना फोन ताटाशेजारी ठेवायचे. मिटिंगमध्ये मांडीवर.

मग नारायणगावच्या बाजाराचा दिवस आला. मला खात्री होती की रंगनाथ तोंड लपवून घरी बसला असेल. तरी मी गेले. पूड घ्यायला येणारी माणसं तरी त्या जागेवर भेटतील, एवढीच आशा.

तो बसला होता. नेहमीच्याच जागी, समोर रिकामं पोतं अंथरून. एक माणूस त्याच्या अंगावर ओरडत होता.

"आमच्या म्हातारीला काय चारलंस रं?"

"चारलं ते चारलं. मला बी ठावं नव्हतं. आता आदी तिला दवाखान्यात ने, आन् मंग येऊन मार मला. पर आदी ने."

त्या माणसाने त्याची गचांडी धरली, दोन हिसडे दिले आणि गेला, दवाखान्याच्या दिशेने. रंगनाथ सदरा नीट करत पुढच्या बाईला हाक मारत होता. "ए आक्के, हिकडं ये. पूड न्हाई आता. त्यो बग मॅडमचा दवाखाना. नुसतं चक्कर येती म्हनून घरी झोपू नको."

मी आमच्या सिस्टरला तिथेच बोलावून घेतलं. संध्याकाळपर्यंत आम्ही त्याच्या पोत्याशेजारी खुर्च्या टाकून बीपी बघत होतो. बाजार उठायला लागला तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "छापा पडनार ह्ये तुमाला ठावं व्हतं?"

"होतं."

त्याने पोतं झटकलं, त्याची घडी घातली आणि म्हणाला, "मी पोती हलवली असती बगा."

टेम्पोवाल्यावर केस झाली. रंगनाथवरही झाली, बाजारात बसून त्याने लोकांना दवाखान्यात कसं धाडलं ते मी लिहून दिलं, त्याचा काय उपयोग होईल ते कोर्ट ठरवेल. बहुतेकांची गोळी हळूहळू खाली आली. संधिवाताची खरी औषधं सुरू झाली. ती पुडीसारखी एका रात्रीत गुण देत नाहीत. हौसाबाई दर वेळी मला ते ऐकवतात. "पुडीनं लई हलकं वाटत व्हतं," म्हणतात, आणि स्वतःच्या पायांनी जिना उतरून जातात.

पारगावच्या साखर कारखान्यावर आलेल्या ऊसतोड टोळीनेही ती पूड नेली होती. हंगाम संपला आणि टोळी निघून गेली. मुकादमाचा नंबर मिळाला, तो लागत नाही. मी अजून अधूनमधून लावून पाहते.

ज्युनिअर डॉक्टरांना मी आता एकच सांगते. पेशंटने असली पूड टेबलावर काढली की रागाने "बंद करा" म्हणू नका. आधी विचारा, "कधीपासून घेताय?"