गावड्याची ॲलर्जी

सुधाकर गावडे गेल्याचा फोन आला तेव्हा मी चारकोपच्या मासळी बाजारात बोंबलांवरून कोळणीशी हुज्जत घालत होतो. त्याची बायको, आमच्या सुमनवहिनी, एवढंच म्हणाल्या, "भावजी, हे गेले हो..." आणि पुढे नुसता श्वास ऐकू आला. मी असा धावलो की रिक्षावाल्यांनीही बाजूला होऊन रस्ता दिला. घरी पोचलो तर सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे राहून हळहळत होते. "हृदयविकार म्हटल्यावर आपण काय करणार? वेळ आली होती!" मी त्यांना बाजूला सारून आत शिरलो. ते उरलेली हळहळ घेऊन तळमजल्यावर गेले. वेळबिळ काही आली नव्हती हो. गावड्या मेला तो एका शब्दामुळे. आणि तो शब्द बोरिवलीतल्या एका दाताच्या डॉक्टरने, कंडक्टर तिकीट फाडून देतो तसा, त्याच्या हातावर ठेवला होता.

गावड्या आणि मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये पाण्याच्या पंपांच्या कारखान्यात शेजारशेजारच्या लेथवर उभे राहून म्हातारे झालो. माणूस मालवणचा, अंगाने म्हशीएवढा, आणि हसला की शेजारच्या गाळ्यातले स्क्रू आपोआप सैल व्हायचे. जेवण हा त्याचा धर्म होता. पण संकष्टी मात्र अशी कडक की चंद्र दिसेपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. एकदा त्याची दाढ ठणकायला लागली. डॉक्टरकडे कधी जायचं, यावर गावडेसाहेबांनी स्वतःचं डोकं चालवलं. मला म्हणाला, "खावच्या दिसाक तोंड कित्याक बधिर करून घेवचा रे? संकष्टीक जाव या. नायतरी तोंड बंदच असता!" हा असला हिशोब गावडे खानदानाबाहेर कुणाला सुचणार नाही. मे महिना होता. सकाळभर लेथवर उभा राहिला, भर उन्हात चालत बोरिवलीला गेला, पोटात पाणीसुद्धा नाही. डॉक्टरने हिरडीत सुई टोचली मात्र, गावड्या खुर्चीतून खाली असा आला की खालच्या मजल्यावरच्या साडीच्या दुकानात गिऱ्हाइकं भूकंप समजून रस्त्यावर पळाली.

तोंडावर पाणी मारलं, पाय वर केले, गावड्या शुद्धीवर आला. आता त्या विद्वानाने एवढं तरी विचारायचं, बाबा, सकाळपासून काय खाल्लंस? नाही! तो स्वतःच प्लास्टरसारखा पांढरा पडला होता. म्हणाला, "तुम्हाला बधिर करायच्या इंजेक्शनची ॲलर्जी आहे. आयुष्यात पुन्हा घेऊ नका. जिवावर बेतेल." झालं. एवढी वर्षं शिकून त्याने हे शोधून काढलं!

...आणि आमचा गावड्या त्यावर खूश. त्याच्या सगळ्या खानदानात इंग्रजी नावाचं दुखणं कुणाला झालं नव्हतं. लग्नात, बारशात, पाणी भरायच्या रांगेत, जिथे चार माणसं दिसतील तिथे सुरू, "माका इंजेक्शन चालणा नाय!" पहिल्या वर्षी तो बेशुद्ध पडला होता, दुसऱ्या वर्षी त्याचं काळीज थांबलं होतं, आणि तिसऱ्या वर्षापासून रेड्याच्या गळ्यातली घंटा त्याने स्वतःच्या कानाने ऐकली होती. इकडे तोंडात दात मात्र एकेक करून किडत चालले.

अधूनमधून ठणका असह्य झाला की मी त्याला नवनव्या डॉक्टरांकडे घेऊन जायचो. काय एकेक नमुने! एकाच्या दवाखान्यात भिंतीएवढं मत्स्यालय होतं. त्यातले मासे त्याच्यापेक्षा हुशार दिसत होते. तो म्हणाला, "इंजेक्शन नको ना? मग जेल लावू." ते जेल त्याच इंजेक्शनच्या औषधाचं होतं. ट्यूबवर छापलेलं मी वाचून दाखवलं तेव्हा तो चष्मा पुसायला लागला. दुसऱ्याने लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला आणि पकड हातात घेतली. त्या वेळची किंकाळी ऐकून देवनारच्या कत्तलखान्यात बकरे उभे राहिले असतील. घाटकोपरच्या एकाने लाफिंग गॅस दिला. भीती पळाली, गावड्या खदखदून हसायला लागला, आणि दाढ हलवल्याबरोबर हसत हसत डॉक्टरच्या बोटाला चावला. त्या गॅसने माणूस निवांत होतो, मुळाची कळ काही मरत नाही, हे त्या डॉक्टरला बोट सुजल्यावर कळलं. शेवटी प्रत्येक जण तेच म्हणायचा, "ॲलर्जी आहे, रिस्क कोण घेणार?" पुन्हा तपासून बघू, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

मग त्याला धाप लागायला लागली. एक जिना चढला की पंप बिघडल्यासारखा घरघरायचा. तपासण्या झाल्या आणि कळलं की हृदयाची एक झडप आक्रसली आहे, बदलावी लागणार. हृदयाचा सर्जन म्हणाला, "आधी तोंडातले किडके दात काढा. तिथले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसले तर सगळं मुसळ केरात." दातवाला म्हणाला, "यांना इंजेक्शन चालत नाही. पूर्ण भूल देऊन काढू." भूल देणारा म्हणाला, "अशा झडपेला दातांसाठी पूर्ण भूल? वेडे आहात का? हिरडीत इंजेक्शन देऊन काढा." की पुन्हा दातवाला! महिनोन्महिने हा खो-खो चालला होता. सगळे एसीत बसून एकमेकांना खो देत होते आणि पळत होता गावड्या... तेही घरघरणारं काळीज घेऊन.

शेवटी एका सरकारी दंत रुग्णालयात, आमच्या लेकीच्या वयाच्या एका डॉक्टरीण बाईंसमोर गावड्या, वहिनी आणि मी बसलो. गावड्याने रेड्याच्या घंटेपासून सुरुवात केली. बाईंनी थांबवलं.

"काका, तेव्हा अंगावर गांधी उठल्या होत्या?"

"नाय."

"ओठ सुजले? घसा आवळला?"

"नाय बा."

"त्या दिवशी काय खाल्लं होतं?"

वहिनीच म्हणाल्या, "खातायत कसले? संकष्टी होती ना!"

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग नीट समजावून सांगितलं. खरी ॲलर्जी फार क्वचित असते. आपण हाताच्या कातडीत थेंब थेंब टोचून बघू. एका औषधाला अंग उठलं तर दुसऱ्या जातीचं औषध असतं. तेही चाललं नाही तर सर्दी-खाजेच्या औषधातलं एक इंजेक्शन आहे, त्यानेही थोडा वेळ हिरडी बधिर होते. रस्ते पुष्कळ आहेत, कुणीतरी शोधायला हवेत. पुढच्या आठवड्यात टेस्ट झाली. गावड्या आपल्या हाताकडे टक लावून बसला होता. डास चावल्याएवढंसुद्धा उठलं नाही. तो खवळला. म्हणाला, "मगे माका तेव्हा झाला काय हुता?"

"भूक, काका," बाई म्हणाल्या.

वहिनींनी त्याला भरपेट तांदळाची भाकरी खायला घालूनच आणलं. इंजेक्शन दिलं, थोडा वेळ गेला. गावड्या डोळे मिटून म्हणाला, "कधी काढतलंस गे बाये?" बाई म्हणाल्या, "काढले की!" परत येताना रिक्षात तो गालात कापूस दाबून बसला होता. चारकोप आल्यावर एवढंच म्हणाला, "वीस वर्सां खाल्ली रे माझी त्या मेल्यान..." ऑपरेशनची तारीख मिळाली होती. झडपेने तेवढी वाट बघितली नाही. खो-खोत जे महिने गेले, ते तिने मोजले होते.

दहावं झाल्यावर मी बोरिवलीला जाऊन आलो. तो डॉक्टर अजून तिथेच बसतो. आता मुलगाही बसतो, आणि पाटी अशी मोठी केली आहे की दवाखान्यापेक्षा पाटीचंच भाडं जास्त असेल. मी सगळं सांगितलं. त्याने विचारलं, "कोण गावडे?" थोड्या वेळाने म्हणाला, "असेल. खबरदारी म्हणून सांगितलं असेल." खबरदारी! स्वतःची कातडी वाचवायला ह्या लोकांनी काय सोज्वळ शब्द शोधून ठेवला आहे. मी जे बोललो ते इथे छापता येणार नाही. वेटिंगमधले दोन पेशंट मात्र उठून माझ्याबरोबर बाहेर आले.

परवा वहिनींकडे गेलो होतो. आत स्वयंपाकघरात खलबत्त्याचा आवाज सुरू झाला, ठक-ठक-ठक. मला वाटलं, चहासाठी आलं कुटतायत. वहिनी बशी घेऊन बाहेर आल्या. बशीत चकलीचा भुगा होता, अगदी बारीक कुटलेला, कडेला चमचा. गावड्याला कितीतरी वर्षं त्या असंच वाढत आल्या होत्या. माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. "अगो बाई... तुमचे तर दात आहेत." बशी परत न्यायला त्यांनी हात पुढे केला.

"असू दे, वहिनी," मी म्हणालो आणि चमचा उचलला.

"त्या डॉक्टराला एकदा आणा इथे," त्या म्हणाल्या. "बत्ता हातात देते त्याच्या. म्हणावं, कूट वीस वर्षं."