आबांनी बसवलेलं झाकण

मोडलेल्या वस्तूची जबानी घेणारा माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला: लोणावळ्याच्या आमच्या धरण-मोजणीच्या कचेरीतले खलाशी आबा. खलाशी म्हणजे समुद्रावरचे नव्हेत; मोजणीची दुर्बीण खांद्यावरून डोंगरात नेणारे. राहणार टाकव्याच्या वरच्या वाडीचे. छत्री, कुलूप, चष्म्याची काडी, कुणाच्या सासूबाईंची कवळी, काहीही ते दुरुस्त करत. पण कसं मोडलं याचं खरं उत्तर मिळेपर्यंत वस्तूला हात लावत नसत. तुंगार्लीहून येणारे आमचे हेडक्लार्क एकदा मोडकी छत्री घेऊन आले. “वाऱ्यानं उलटली,” म्हणाले. आबांनी काड्या चाचपल्या.

“वारा हितनं मोडत न्हाई, भाऊ. कुनाला हाणलीत?”

“माकडाला.”

“माकड इतका येळ उभं ऱ्हातंय व्हय?”

शेवटी मेव्हण्याचं नाव बाहेर आलं, आणि छत्री दहा मिनिटांत उघडू-मिटू लागली.

दुर्बिणीवर मात्र त्यांचा जीव. दुपारी जेवायला बसलो की तिची पेटी सावलीत आणि आबा उन्हात. दुसऱ्या कुणी तिला उचललेलं त्यांना खपत नसे.

सत्तरीचं दशक सरत आलं होतं. कचेरीत एकच कॅलक्युलेटर होता, साहेबांनी परदेशातल्या भावाकडून मागवलेला. माझी नोकरी कायम व्हायची होती, आणि नेमका कसोटी सामना रंगात असताना माझ्या ट्रान्झिस्टरचे सेल संपले. कॅलक्युलेटरचे काढावेत म्हणून मी कंपासच्या टोकानं मागचं झाकण उचकटलं. त्याची जीभ तुटली. आता सेल आत राहीनात. मी आबांना गाठलं.

“पडला हो हातातून.”

“पडला आसता तर कोपरा गेला आसता. ही जीभ उचकटलीया.”

मी सगळं सांगून टाकलं. आबांनी विचारलं, “मग जितलो का?”

“हरलो.”

“म्हंजे झाकन बी गेलं आन् म्याच बी गेली!”

त्यांनी म्हशीच्या शिंगाचा तुकडा आणला, निखाऱ्यावर ऊब देऊन सपाट केला, कानशीनं घासून घासून नवं झाकण घडवलं, लवचिक जिभेसकट. ते बसवत असतानाच साहेब आत आले.

“आबा, हे तुम्ही मोडलंत?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या नकाशात परंदवडी शोधू लागलो.

“माझ्या हातात हाय न्हवं साहेब? मग माझंच म्हना.”

उद्यापासून कुठल्याही यंत्राला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. दुर्बीण दुसऱ्याच्या खांद्यावर गेली. आबा मोजणीच्या खुंट्यांचं ओझं घेऊन सगळ्यांच्या मागून चालू लागले. पुढच्याच आठवड्यात मला कायम केल्याचा कागद आला. माझं घर, मुलांची शिक्षणं, आजचं पेन्शन, सगळं त्या कागदावर उभं आहे.

त्या कचेरीतले जे दोघे-तिघे उरलेत, ते अजून म्हणतात, आबा हुशार, पण साहेबांचा कॅलक्युलेटर त्यांनी मोडला. नाही. मोडला मी. आबांनी तो दुरुस्त केला, आणि मलाही सावरलं.

ते निवृत्त होऊन घरी बसल्यावर एकदा मी वाडीवर गेलो होतो. म्हटलं, “आबा, मी तेव्हा बोलायला हवं होतं.”

“व्हय, हवं व्हतं,” ते म्हणाले. मग घोंगडी अंथरत म्हणाले, “पर तुमी आलात न्हवं. बसा, भाकरी खावा.”

मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. निघताना वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले. “ऱ्हाऊ द्या. वाट निसरडी हाय, उजेडाचं उतरा.”

मी उतरलो. पुन्हा जायचं राहूनच गेलं.