कासवाची दुखरी पाठ

मानवतहून परभणीला जाणाऱ्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती. वय साठीच्या पुढचं, हातांना भेगा. माझ्या मांडीवरच्या बादलीत लेकीचं कासव होतं. लेक शिकायला पुण्याला गेल्यापासून ते मीच सांभाळत होतो. पाठीवर पांढरे डाग पडले, म्हणून जनावरांच्या दवाखान्यात निघालो होतो.

तिनं बादलीत डोकावून विचारलं, "बघू का?" मग हात पदराला पुसले, कासव उचललं, पाठीचा वास घेतला आणि कडेकडेनं अंगठा हलकेच दाबत नेला. एका डागाशी अंगठा थांबला. कासवानं मान आत ओढली.

"इथं मऊ पडलंय, वास बी यायलाय. तेल लावायलात का?"

"रोज लावतो. व्हिडिओ कॉलवर लेकीला चकचकीत दिसावं म्हणून."

"नका लावू. घाण आतच ऱ्हाती." अशाच एका दवाखान्यात तिनं बरीच वर्षं झाडलोट केली होती. डॉक्टरांचं बघून बघून ती शिकली होती. कासव बादलीत ठेवत ती म्हणाली, "पाठ टणक असली की मानसाला वाटतं, ह्याला काय दुखायलंय. दुखतं हो. लय दुखतं."

पुढच्या फाट्यावर ती उतरली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

डॉक्टरांनी कुजलेला भाग खरवडला, औषध दिलं, ऊन दाखवायला, थोडाच वेळ पाण्यात सोडायला आणि बाकी वेळ कोरडं ठेवायला सांगितलं. बरं व्हायला तीन महिने लागले. तेवढे दिवस मी लेकीला रोज ती खरवडलेली, निस्तेज पाठ आहे तशीच दाखवत राहिलो.