दोन तबकड्या, एक झाकण

माझी थोरली बहीण घड्याळं जुळवते. दुरुस्तीही करते, पण लांबून माणसं येतात ती जुन्या चावीच्या घड्याळांसाठी. एकाची तबकडी चांगली, बॉडी गेलेली. दुसऱ्याचं नेमकं उलट. ताई दोन्ही उघडते आणि एकाचं तोंड दुसऱ्याच्या अंगावर बसवते. शेजारची शिंपीणबाई एकदा म्हणाली, "ताई, आमच्या ह्यांचंही तोंड बदलून द्या की." ताईने भिंगातून डोळा न काढता सांगितलं, "देईन. पण मशीन तेच राहणार, मग कटकटही तीच."

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक टेबल, एक दिवा आणि दीड माणूस उभा राहील एवढी सोय. वडील गेल्यावर ताई त्यांच्या स्टुलावर बसली, तेव्हा ओळखीची गिऱ्हाइकंसुद्धा दारावरून परत जायची. ती कुणाशी वाद घालत बसली नाही. वडिलांचा एक नियम मात्र तिने घट्ट धरला: एका घड्याळाचं सामान एका काचेच्या झाकणाखाली, आणि टेबलाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. दुपारी तिचा डबा घेऊन मी जाते. नियम मलाही होता.

तरी एके दिवशी मी हात लावला. ताई काहीतरी आणायला कोपऱ्यावर गेली होती. टेबलावर धूळ दिसली, फडकं घेतलं. दोन झाकणांखाली एकेक तबकडी होती. पुसताना अडचण नको म्हणून दोन्ही एकाच झाकणाखाली सरकवल्या. मावत होत्या, मग दोन झाकणं कशाला?

ताई आली, आणि दारातच थबकली.

"डावीकडची कुठली होती?"

मी वाकून बघितलं. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच बनावटीच्या, सारख्याच पिवळट पडलेल्या.

एक तबकडी एका बाईंच्या वडिलांच्या घड्याळातली होती. बॉडी घामाने खाल्लेली, मशीन झिजलेलं. तसंच दुसरं घड्याळ त्यांनी जुन्या बाजारातून शोधून आणलं होतं. म्हणाल्या होत्या, "बाकी सगळं बदला, तबकडी तेवढी बाबांची राहू दे. शेवटचे चार महिने त्यांची वाचा गेली होती. या तबकडीकडे बघत पडून असायचे." त्या चार वाजता येणार होत्या. तेव्हा अडीच झाले होते.

ताईने दोन्ही तबकड्या भिंगाखाली घेतल्या. पुढून बघितल्या, मागून बघितल्या. 

"काही खूण?"

"तीच तर नाही."

"मग बसव ना कुठलीही. त्यांना काय कळणार आहे?"

हे मी म्हणाले. रोज देवापुढे हात जोडल्याशिवाय चहाचा घोट न घेणारी मी. ताईच्या तोंडून मी देवाचं नाव कधी ऐकलेलं नाही. तिने भिंग काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मला कळेल ना."

डबा तसाच राहिला. तिने तबकड्यांना पुन्हा हात लावला नाही. मी मनातल्या मनात नामस्मरण धरलं, पण मधेच नाव सुटायचं.

बाई दहा मिनिटं आधीच आल्या. ताई उभी राहिली. "माझ्याकडून चूक झाली. दोन तबकड्या एकत्र आल्या. तुमच्या वडिलांची कुठली, ते आत्ता मला सांगता येत नाही."

"तिची नाही, माझी चूक," मी म्हणाले.

"टेबल माझं आहे," ताई म्हणाली.

बाईंचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "द्या इकडे. मी ओळखीन." दिव्याखाली त्या एकीकडे बघायच्या, मग दुसरीकडे. "ही," म्हणाल्या. मग हळूच, "नाही... ही?" शेवटी हात मागे घेतला. "माझ्या बापाची तबकडी मला ओळखता येऊ नये? काय करून ठेवलंत तुम्ही!"

"एक उपाय आहे," ताई म्हणाली. "तबकडीला मागे दोन बारीक पाय असतात, मशीनच्या भोकांत बसणारे. वर्षानुवर्षं एकाच मशीनवर बसून ते त्याच्या अंगाने किंचित कलतात. तुमच्या वडिलांच्या घड्याळाचं जुनं मशीन इथे आहे. पण पाय केसासारखे आहेत. जोर पडला तर मोडतील आणि तबकडी वाया जाईल. म्हणून तुमच्यासमोर करते. तुम्ही म्हणाल तरच."

 बाईंनी होकारार्थी मान हलवली.

पहिली तबकडी ताईने दोन बोटांत धरून मशीनवर टेकवली. एक पाय आत गेला. दुसरा भोकाच्या तोंडाशी अडला.  थोडंसं दाबलं असतं तर गेला असता. तिने दाबलं नाही, उचलून घेतली.

दुसरी ठेवली. आवाजही न होता बसली.

"नक्की?" बाईंनी विचारलं.

"माझ्या हाताला नक्की. याहून जास्त सांगितलं तर ते खोटं होईल."

ताईने ती तबकडी बाजारातल्या घड्याळात चढवली, काटे लावले, चावी दिली. बाईंनी घड्याळ मनगटावर बांधलं. बांधताना दोनदा कानाशी नेलं. मग उरलेल्या तबकडीकडे बोट केलं.

"तीही द्या."

ती तबकडी ताईकडे राहायची असं ठरलं होतं. दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला तिने शब्दही दिला होता. ताईने ती कापसात ठेवली, डबीत घातली आणि दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरली. बाई आभार न मानता निघून गेल्या. त्या पुन्हा आल्या नाहीत.

त्यावरून ताई मला आजवर एका शब्दाने बोललेली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. डबा घेऊन मी अजून जाते. आत शिरले की हात पाठीमागे बांधून उभी राहते. शिंपीणबाई हसते, म्हणते, "काय गं, शाळेत शिक्षा झाली का?"