डब्यातली शेगडी

फौजेतले नायक मोईन, नर्सिंग असिस्टंट, राहणार उदगीर. हे नाव आधी लिहितो. मी जिवंत आहे तो त्यांच्यामुळे. बाकीचं नंतर.

मी चाकूर तालुक्यातला. नववीतून शाळा सोडली आणि भरतीला पळालो. आता फौजेतली नोकरी संपली, सुरतेला एका गोदामाच्या गेटवर उभा असतो. लिहायची सवय नाही, चुकलं तर सांभाळून घ्या. पण सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतं, असं कुणी बोललं की मला गप्प बसवत नाही.

आमची पोस्ट उंचावर, बर्फात. एका शेल्टरमध्ये तिघं. इस्लापूरचा लान्स नायक गंगाधर, शिपाई दत्ता आणि मी. पहाटे स्टँड-टू म्हणजे हत्यारासह हजेरी, मग बर्फ काढायचा, मग पेट्रोलिंग, पाळीनं पहारा. रॉकेल कमी पडत होतं, म्हणून झोपताना बुखारी, म्हणजे रॉकेलची शेगडी, बंद ठेवायची ऑर्डर होती. गंगाधरला थंडी सोसायची नाही. त्यानं तुपाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली, लंगरमधले, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातले, निखारे भरले आणि डबा खाटेखाली सरकवला. आमच्याकडं बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवतात, तशी. हवेसाठी शेल्टरच्या छताला एक भोक होतं, त्यात पोतं कोंबलं.

तेव्हापासून रोज सकाळी माझं डोकं फुटायला यायचं. मळमळ. बूट घालायला वाकलं की डोळ्यांपुढं अंधारी. सुभेदार साहेबांना सांगितलं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "खाली जायचंय का तुला? सरळ सांग. डोक्याची नाटकं नकोत."

गंगाधर हसला. "साहेब, चाकूरची माणसं उन्हाची. बर्फ बघितला की डोकं धरतात."

कामचोर हा शिक्का फौजेत एकदा बसला की निघत नाही. त्याची भीती होतीच. तरी मोईनभाईंकडं गेलो. त्यांनी गोळी काढली नाही, आधी विचारपूस केली.

"रात्री रम?"

"न्हाई."

"पाणी?"

"बर्फ वितळला तेवढं."

"झोपेत दात खातोस? घोरतोस?"

"घोरतो गंगाधर. मी न्हाई."

"ह्या सगळ्यानं बी सकाळी डोकं दुखतं. झोप मोडली तरी, वेळेला चहा न्हाई मिळाला तरी. आता सांग, बाहेर पहाऱ्याला गेल्यावर काय होतं?"

"हळूहळू उतरतं."

"मग उंचीचं न्हाई. उंची बाहेर बी तेवढीच हाय. दत्ताचं?"

"त्याचं बी दुखतं. साहेबांच्या भीतीनं बोलत न्हाई."

ते उठले ते थेट शेल्टरमध्ये. पोतं उपसलं, डबा ओढून काढला आणि निखाऱ्यांसकट कड्यावरून खाली फेकला. गंगाधर त्यांच्या अंगावर गेला.

"मोईनभाई, तुम्ही गादीवाले. जन्मभर कापसात लोळले. थंडी काय असती तुम्हाला काय ठावं?"

"मरशील."

"माझी माय मला घेऊन सव्वा महिना शेगडीवरच्या बाजेवर झोपली. मेलो का मी?"

"तुझ्या घराला कौलं होती, येड्या. फटीफटीतून हवा खेळायची. इथं फट कुठं हाय? निखाऱ्याला धूर न्हाई, वास न्हाई. त्याचा गॅस झोपेतच काम करतो."

"तुमच्या परवानगीनं झोपू का आता?"

"हाव. माझ्याच."

त्यानंतर गंगाधर त्यांच्याशी बोलेना. मोईनभाई मात्र रोज सकाळी आमच्या शेल्टरमध्ये डोकावून जायचे. ते गेले की गंगाधर पाठीमागून थुंकायचा.

मग वादळ आलं. संध्याकाळचा पहारा करून मी परतलो तेव्हा गंगाधर डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपला होता. दत्ता माझ्या जागी पहाऱ्याला गेला आणि वादळानं रात्रभर तिथंच अडकला. आत ऊब होती. ती कुठून आली, हे बघण्याइतकं अंगात त्राण नव्हतं. दाराजवळच्या खाटेवर पडलो.

पुढचं मला दत्तानं सांगितलं. स्टँड-टूला दोन माणसं कमी भरली. सुभेदार साहेब म्हणाले, "लोळत असतील. पाणी ओता तोंडावर." मोईनभाई तोवर पळालेही होते. हातमोजे न घालता. दार लाथेनं उघडलं. मी दाराशी होतो म्हणून आधी मला ओढलं. मग गंगाधरला. त्याच्या खाटेखाली दुसरा डबा होता आणि भोकात त्याची जर्सी.

मी बर्फात ओकत होतो. मोईनभाई गंगाधरच्या छातीवर दाब देत होते. ऑक्सिजनचा एकच सिलिंडर, तो त्याला लावला. वायरलेस सेटवर सुभेदार साहेबांचा आवाज बदललेला होता.

"दोन कॅज्युअल्टी. एक सीरियस. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"हवामान खराब. थांबा. ओव्हर."

"थांबायला वेळ नाही. ओव्हर."

"थांबा. ओव्हर."

मोईनभाई थांबले नाहीत. दत्ता म्हणाला, मी करतो, तुम्ही हात झाका. त्यांनी त्याला ढकलून दिलं. साहेबांनी खांद्याला धरून उठवलं तेव्हा गंगाधर कधीचाच गेला होता.

इस्लापूरला त्याच्या घरी गेलो. पारावर एकजण म्हणाला, "लढाईत कुठं मेला? झोपेत मेला." मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं. ज्याला तिथली थंडी माहीत नाही त्यानं गंगाधरवर बोलू नये. मला गंगाधरचा राग आहे, अजून आहे. पण तो माझा आहे, पारावरच्या लोकांना तो उसना मिळणार नाही. बर्फात माझा पाय अडकला तेव्हा शिव्या देत देत मला पाठीवर घेणारा गंगाधरच होता. गावाजवळच्या सहस्रकुंड धबधब्याची धार पोस्टवर आणली तर एका रात्रीत तिचा बर्फाचा खांब होईल, म्हणायचा. पावसाळ्यात ती धार दाखवायला तो आम्हा दोघांना नेणार होता.

बंद खोलीत कोळसा ठेवून झोपू नका. घरातल्या सगळ्यांचंच डोकं सकाळी दुखत असेल आणि बाहेर गेल्यावर उतरत असेल, तर गोळी शोधू नका. आधी दार उघडा.

मोईनभाईंच्या उजव्या हाताची दोन बोटं बर्फानं गेली. आता ते उदगीरला वडिलांच्या गादीच्या दुकानात बसतात. रजईची जाड सुई त्यांना धरता येत नाही, टाके दुसऱ्याकडून घालून घ्यावे लागतात. फोनवर बोटांचं नाव काढू देत नाहीत.

मोईनभाई, इथली नोकरी सुटली की मी चाकूरला जायच्या आधी उदगीरला उतरणार. सुई धरायला शिकवा. दुकानातले टाके मी घालीन.