आमेन म्हणणारं कोण

आमच्या चर्चमध्ये तिला सगळेच आत्या म्हणायचे. खरी आत्या ती एकट्या पाळकांचीच. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा भावाचं हे पोर आत्याने आपल्या मुलीसोबत वाढवलं. दोघं एका ताटात जेवली, एका पांघरुणासाठी भांडली. पुढे भाचा आमचा पाळक झाला आणि मुलगी गायनवृंदाची प्रमुख. आत्याला वाटलं, आपल्या जन्माचं सार्थक झालं. वाटणं आणि होणं यांत अंतर असतं, ते तिला नंतर कळलं.

आत्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. रविवारी आमच्याबरोबर गायची, खालच्या पट्टीत, दमदार. मग गळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाणं सुटलं. घरी बसून कुढत राहण्यापेक्षा ती मागच्या कोपऱ्यात साउंडच्या टेबलाशी जाऊन बसली. तिथला प्रमुख एक इलेक्ट्रिशियन होता. डोकं पटकन उडायचं म्हणून त्याला आम्ही फ्यूज म्हणायचो. मिक्सर फक्त ओट्यावरचा ठाऊक असलेल्या बाईला त्याने सगळं शिकवलं, न उडता. उपासनेचं रेकॉर्डिंग ऐकून, नको ते कापून, अंथरुणाला खिळलेल्यांना पाठवायचं, हे काम पुढे तिचंच झालं.

तोवर तिन्ही बाजूंची तोंडं तीन दिशांना गेली होती. पाळक आयत्या वेळी गाणी बदलायचे. आम्ही गाणारे गाणं लांबवायचो, मग उपदेशाला वेळ उरायचा नाही. आवाज कमी पडला की दोघंही फ्यूजकडे डोळे वटारून बघायचे. एकमेकांशी बोलणं बंद. सगळे निरोप आत्यामार्फत.

"आई, पाळकसाहेबांना सांग, गाणी शुक्रवारपर्यंत कळली पाहिजेत." मुलगी त्याला जन्मभर दादा म्हणत आली होती.

"आत्या, तिला सांग, हे चर्च आहे, मैफल नाही."

आत्या निरोप न्यायची, वाटेत जरा मऊ करून. लंगडी सबब, खोटं हसू, काय काय घालायची त्यात.

एका रविवारी दुपारी ती रेकॉर्डिंग ऐकत होती. पाळकांची प्रार्थना संपत आली होती. मंडळी आमेन म्हणणार, त्याच्या जरासं आधी कुणीतरी आमेन म्हणालं. हलकेच, अगदी माइकला ओठ लावून म्हणावं तसं. बाईचा आवाज की पुरुषाचा, ते सांगता येईना. तिने मागचे रविवार काढून ऐकले. त्यांतही तो होता, दर वेळी मंडळीच्या आधी.

तिला वाटलं, आमच्यातल्याच कुणाचा तरी चावटपणा असेल. फ्यूजने वायर बदलली, माइक बदलला. "शेजारच्या कुणाचा रेडिओ पकडत असेल," तो म्हणाला. विषय तिथेच राहिला.

पुढच्या शनिवारी दुपारी सराव होता. मुलीने आवाजावरून फ्यूजला चार शब्द सुनावले. त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर आपटला. "या डब्यांना एकदाची आग लागू दे. सुटेन तरी."

दुसऱ्या दिवशी भर उपासनेत अँप्लिफायरमधून धूर निघाला. प्लग ओढताना फ्यूजचा तळहात भाजला. नशीब, पडद्यांनी पेट घेतला नाही. जुनी मशीन, कधीतरी जळायचीच, असं सगळे म्हणाले. आत्याने मात्र घरी जाऊन शनिवारचं रेकॉर्डिंग लावलं. सरावालाही रेकॉर्डिंग चालूच असायचं. फ्यूजचं वाक्य आलं. त्याच्यामागून, तितक्याच शांतपणे, आमेन.

तिने हेडफोन काढून ठेवला आणि घरातले सगळे दिवे लावले. बाहेर अजून लख्ख ऊन होतं.

कुणाला सांगणार? वेड लागलं म्हणतील. ती गप्प राहिली. त्याच आठवड्यात सरावाला गाण्यावरून मुलगी पाळकांबद्दल माझ्यादेखत म्हणाली, "हा इथे आहे तोवर माझ्या तोंडून सूर निघायचा नाही." रागात माणूस बोलतो तसं. पण आत्या तेव्हा कानाला हेडफोन लावून बसली होती. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला मी पाहिला, कारण मात्र मला तेव्हा कळलं नाही.

तीन दिवसांत मुलीचा आवाज गेला. बसला नाही, गेलाच. ओठ हलायचे आणि नुसती हवा यायची. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं.

आत्या आता प्रत्येक रेकॉर्डिंग शेवटच्या खुट्टपर्यंत ऐकू लागली. अशातच तिला तो तुकडा सापडला. उपासना संपून सगळे गेल्यावर पाळक एकटेच व्यासपीठावर थांबले होते. त्यांचा थकलेला आवाज होता, "देवा, मला यांच्यातून सोडव." मग थोडी शांतता. मग आमेन.

सोडव म्हणजे कसं? बदली करून, की आणखी कसं? त्या दिवशी दुकानात तिच्या हातून काच फुटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

दुसऱ्याच दिवशी दुपारी तिने तिघांना आणि आम्हा गाणाऱ्यांना चर्चमध्ये बोलावलं. मुलीने खुणेनेच विचारलं, तोही येणार का?

"येणार," आत्या म्हणाली. "आणि आजपासून मी कुणाचा निरोप नेणार नाही. ज्याचं त्याने बोलायचं."

तिने तिन्ही तुकडे मोठ्या स्पीकरवर लावले. रिकाम्या हॉलमध्ये तो आवाज भिंतीभिंतीला लागून आला. माझ्या शेजारणीने माझा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. फ्यूज पट्टी बांधलेल्या तळहाताकडे पाहत होता.

पाळक खाली बसले. "आत्या, मी जे मागितलं ते परत घेता येतं का?"

"मला काय ठाऊक, बाळा. पाळक तू आहेस."

"मला भीती वाटतेय."

"मग तसं म्हण. आणि परत घेता येत नसेल तर दुसरं काहीतरी माग. पण एकट्याने नको. सगळ्यांसमोर माग."

आम्ही साउंडच्या टेबलाभोवती दाटीवाटीने उभे राहिलो. गाणारे त्या कोपऱ्यात पहिल्यांदाच आले होते. तिथून व्यासपीठ केवढं लांब आणि केवढंसं दिसतं, ते मला तेव्हा कळलं. फ्यूजने माइक मध्ये धरला. पाळकांनी काही मोठं मागितलं नाही. बहिणीचा आवाज मागितला. फ्यूजचा हात बरा होऊ दे म्हणाले. "आणि मला यांच्यातच ठेव," एवढं बोलून थांबले.

आम्ही वाट पाहिली. स्पीकरमधून नुसती बारीक घरघर येत होती. तो आवाज आला तर काय, याची भीती होती. पण तो येईना, तशी त्याहून मोठी भीती वाटू लागली. म्हणजे कुणी ऐकलंच नाही की काय?

मुलीने माइक स्वतःकडे ओढला. घशातून काहीतरी खरवडल्यासारखं निघालं. आमेन असावं. फ्यूज म्हणाला, आमेन. मग एकेक करत आम्ही सगळेच म्हणालो.

तिचा आवाज पावसाळाभर हळूहळू परतला, पण पूर्वीचा नाही. वरच्या पट्टीतली गाणी आता दुसरीच मुलगी म्हणते, ही तिला शिकवते. साउंडचं टेबल कोपऱ्यातून उचलून गायनवृंदाशेजारी आणलं. गाणी तिघं मिळून ठरवतात, आणि फ्यूजचं मतही बाकीची दोघं निमूट ऐकून घेतात. पाळकांना काही झालं नाही. तरी आत्या कितीतरी दिवस रोज सकाळी त्यांना फोन करायची, जेवलास का म्हणून. सकाळी आठला कोण जेवतं? ते शांतपणे म्हणायचे, "हो आत्या, जेवलो."

तो आवाज कुणाचा, ते कळलं नाही. आत्याने ते तुकडे पुसले. नंतर कधी ऐकू आला का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मी आता हेडफोन एकाच कानाला लावते."

भांडणं व्हायची ती होतातच. पण आमच्याकडे नवीन आलेल्या माणसाला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. आमची माणसं भांडता भांडता वाक्याच्या मध्येच थांबतात, आणि पुढचे शब्द गिळून टाकतात.